विरजण

टाकी मेली तो मंगळवार होता.
मेली असं पिंगळे सुपरवायझर म्हणत नाहीत,
ते म्हणतात, गॅस बंद झाला.
साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनीच
कापणीच्या ओट्यापासून गटारीपर्यंत
चार कॅन फिनाईल ओतून घेतलं,
आणि उतार जिकडे, तिकडे ते गेलं.
उतार माझ्या टाकीकडे आहे.

चुंचाळ्याच्या आमच्या कारखान्यातून
रोज आठ हजार कोंबड्या पांढऱ्या पिशव्यांतून जातात.
मागे उरतं ते माझं :
आतडी, रक्त, पिसं धुतलेलं पाणी,
सायीसारखी तरंगणारी चरबी.
मी ते खाऊ घालतो
ज्यांना तोंड नाही, पोट नाही,
ज्यांना हवा लागली की संपलं.
त्यांच्या ढेकरांवर कँटीनचा चहा होतो.

मेहजबीननं पट्टी बुडवून पाहिली.
आंबट, म्हणाली. फारच आंबट.
बागवानपुऱ्याची पोरगी, बी.एस्सी. झालेली,
टाकीपाशी हळू बोलते, आत कुणी निजलंय जणू.
चुना टाकला. खाणं तोडलं.
तीन रात्री मी पत्र्याला कान लावून बसलो.
एरवी आत भात रटरटल्यासारखं असायचं.
आता नुसता पत्रा, आणि गार.

आमचे अप्पा खाटीक. भद्रकालीत दुकान.
कातडं डफवाल्याला, हाडं गोणीवाल्याला,
आतड्याची तात पिंजाऱ्याच्या धनुकलीला.
एवढं करून उरलंसुरलं गावाबाहेर,
तिथं गिधाडं रांगेत बसायची,
रेशनला बसल्यासारखी.
पुढं ती दिसेनाशी झाली.
पेपरात यायच्या आधी अप्पांना कळलं,
कारण वास जायचा थांबला.

विरजण आणावं लागेल, मेहजबीन म्हणाली.
खरं तर तिनं दुसराच शब्द वापरला होता.
मी विरजण ऐकलं.

मालेगावच्या खाटीकखान्याची टाकी जुनी, पोसलेली.
तिथल्या रमजानचाचांनी दहा लिटरचा दुधाचा कॅन
तोंडापर्यंत भरून दिला, काळाभोर.
झाकणाला सुईचं छिद्र ठेवलं, नाहीतर
वाटेत रागावतील, म्हणाले.
चंद्रकलेनं दिलेली गोधडी मी कॅनला गुंडाळली.
डिसेंबर. राहुड घाटात खिडकीची काच वाजत होती.
मला थंडी चालते. त्यांना चालत नाही.
मांडीवर घेतला कॅन, पोटाशी धरला,
शेजारची बाई सीट बदलून गेली.

कंडक्टर : काय आहे?
मी : विरजण.
वास येतोय.
लागलंय ना, म्हणून येतोय.
त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं
आणि कॅनचं अर्धं तिकीट फाडलं.

पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागांत शेकोट्या दिसल्या.
लोक घडांना ऊब देत रात्रभर जागे.
पुढल्या साली ह्याच टाकीचं पाणी
त्यातल्या काहींच्या मुळाशी जाईल,
खाणाऱ्याला कुणी सांगणार नाही.
मीही नाही.
मांडीत काहीतरी बारीक सुसकारलं,
छिद्रातून.

चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी, चहाच्या सुट्टीत,
मेहजबीननं माझी बाही ओढली आणि काचेवर बोट ठेवलं.
एक बुडबुडा. मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा, थोडा आळशी.
तिनं घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली,
बाळाची टिपतात तशी.
पिंगळ्यांना मी एवढंच सांगितलं,
आता फिनाईल ओतायचं तर आधी माझ्यावर ओता.

महिनाअखेर प्रवासखर्चाचं व्हाउचर भरलं.
दीड तिकीट. अर्धं कुणाचं, त्यांनी विचारलं.
कारण ह्या रकान्यात मी लिहिलं होतं, विरजण.
त्यांनी ते खोडलं, वर लाल शाईनं
किरकोळ असं लिहिलं आणि सही केली.

टाकीवर गेलो तर आत भात शिजत होता.
मी पत्र्याशी वाकून त्यांना त्यांचं नाव सांगितलं.